दुसऱ्याच्या घराची किंमत

२०१२ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या एका बाईंनी एक गुपित फोडलं. ‘हाउस हंटर्स’ नावाच्या टीव्ही कार्यक्रमात त्या घर शोधताना दिसल्या होत्या. तीन घरं पाहायची, नवऱ्याशी थोडा वाद घालायचा, हे घर महाग, त्याचं स्वयंपाकघर अंधारं, तिसऱ्याला अंगण नाही असं म्हणत शेवटी एक निवडायचं, असा तो खेळ. बाई म्हणाल्या, कॅमेरा येण्याआधीच आमचं घर घेऊन झालं होतं. ‘पाहिलेली’ बाकीची घरं तर विक्रीलाच नव्हती, ती ओळखीच्यांची होती. वाहिनीनेही मान्य केलं की खरेदीत बरीच पुढे गेलेलीच कुटुंबं आम्ही घेतो.

क्रिकेटचा एखादा सामना आधीच ठरलेला होता असं कळलं तर आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथे काहीच झालं नाही! १९९९ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम त्यानंतरही धो धो चालला, त्याची परदेशातल्या घरांची आवृत्ती चालली, आणखी आवृत्त्या निघाल्या. लोकांनी बातमी वाचली आणि रात्री पुन्हा तेच लावलं.

मला ही घटना फार मोलाची वाटते. कारण ती एक शक्यता निकालात काढते. ‘कोणतं घर घेतील?’ या उत्सुकतेपोटी लोक हे पाहत असतील, असं वरवर वाटतं. पण उत्सुकता खोटी आहे हे उघड झाल्यावरही माणूस पाहत राहतो, म्हणजे त्याला हवं होतं ते दुसरंच काहीतरी.

आणि हे वेड एकट्या अमेरिकेचं नाही. ब्रिटनमध्ये कर्स्टी ऑलसॉप आणि फिल स्पेन्सर ही जोडी २००० सालापासून ‘लोकेशन, लोकेशन, लोकेशन’मध्ये लोकांना घरं दाखवत आली. बीबीसीचा ‘होम्स अंडर द हॅमर’ २००३ मध्ये सुरू झाला. त्यात लिलावात घेतलेली पडकी घरं दुरुस्त होतात आणि शेवटी दलाल येऊन नवी किंमत सांगतात. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने लॉस एंजेलिसच्या दलालांवर ‘सेलिंग सनसेट’ काढलं. त्यातली घरं पाहणाऱ्या लाखभर माणसांत एखाद्यालाही ती परवडणार नाहीत. तरी वापीहून सुटणाऱ्या शेअर रिक्षात बसलेला मुलगा मोबाइलवर तेच बघत असतो आणि पोहण्याचा तलाव नेमका चुकीच्या बाजूला बांधलाय असं मनाशी म्हणत असतो.

मग नेमकं काय मिळतं?

पहिली गोष्ट, परवानगी. अनोळखी माणसाच्या घरात शिरून थेट झोपायच्या खोलीपर्यंत जायचं, कपाट उघडायचं, न्हाणीघरात डोकवायचं आणि वर ‘केवढ्याला घेतलं?’ असं विचारायचं, हे सभ्य जगात फक्त घर घेणाऱ्यालाच शोभतं. टीव्ही ती मुभा सगळ्यांना फुकट वाटतो. मराठी माणसाला हे कळण्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. झी मराठीवर २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि आदेश बांदेकर ‘भावोजी’ होऊन गावोगावच्या, चाळीचाळींतल्या घरांत पोचले. वरकरणी सगळं लक्ष वहिनींच्या खेळाकडे आणि पैठणीकडे. पण खरं सांगा, तुम्ही मागची भिंत पाहत नव्हतात? शोकेसमधल्या बाहुल्या, फ्रिज बाहेरच्या खोलीत का ठेवलाय, एवढ्याशा जागेत नऊ माणसं झोपतात कुठे, पडदे नवे दिसतायत म्हणजे आजच लावलेत. पैठणी एकीला मिळायची. घर मात्र साऱ्या महाराष्ट्राला बघायला मिळायचं. घरांच्या खरेदी-विक्रीचा तो कार्यक्रम नव्हता, हे खरं. पण दुसऱ्याच्या उंबऱ्याआत डोकावण्याची जी भूक आहे, ती आपल्याकडे त्यानेच सर्वांत प्रेमाने भागवली, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट, किंमत. इथे मेंदू जे करतो ते थक्क करणारं आहे.

१९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या दोन संशोधकांनी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला. एक खरं घर घेतलं. त्या शहरातल्या मुरलेल्या दलालांना ते आतून-बाहेरून पाहू दिलं आणि दहा पानांची माहिती हातात दिली. आसपासच्या घरांचे भाव, क्षेत्रफळ, सगळं. प्रत्येकाला तीच पानं, फरक फक्त एका आकड्यात. काहींच्या पानावर मालकाची मागणी ६५,९०० डॉलर होती, काहींच्या ८३,९००, काहींच्या मधली. मग विचारलं, तुमच्या मते या घराची खरी किंमत किती? कमी आकडा वाचलेल्या दलालांची सरासरी ६८ हजारांच्या घरात आली, जास्त आकडा वाचलेल्यांची ७५ हजारांच्या. घर तेच, दलाल तितकेच अनुभवी! त्याहून मजा पुढे आहे. ‘तुम्ही किंमत कशी ठरवली?’ असं विचारल्यावर मालकाच्या मागणीचा आपल्यावर परिणाम झाला असं फार थोड्यांनी सांगितलं. बाकीच्यांनी खोल्या, भाव, वस्ती अशी शहाणी कारणं दिली.

म्हणजे घराची किंमत भिंतींत नसते. ती कुणीतरी आधी उच्चारलेल्या आकड्याभोवती फिरत राहते आणि आपल्याला वाटतं की आपण भिंती पाहून ठरवली. टीव्हीवरचे कार्यक्रम हा आकडा फार हुशारीने उच्चारतात. आधी बजेट सांगतात, मग पहिलं घर बजेटच्या थोडं वर दाखवतात. तिथून पुढे आपण सोफ्यावर बसल्या बसल्या तज्ज्ञ होतो. ‘छे, एवढ्याला कोण घेईल!’ हे वाक्य बोलायला कर्ज काढावं लागत नाही.

विकणाऱ्याच्या डोक्यात तर वेगळाच गोंधळ असतो. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांपैकी अर्ध्यांना साधे कॉफीचे मग वाटले आणि विकायला सांगितले. मग हातात येऊन काही मिनिटंच झालेली, तरी विकणारे मागत ती किंमत घेणारे देऊ करत त्याच्या दुप्पट निघाली. साध्या मगाची ही कथा, तर ज्या भिंतीवर पोराची उंची पेन्सिलने नोंदवली आहे ती भिंत विकताना काय होत असेल? पडद्यावर विकणारा आणि घेणारा एकमेकांना वेडे समजत असतात. दोघांचंही बरोबर असतं, आणि आपल्याला दोन्ही बाजू एकदम दिसतात.

भारतात मात्र घराची गोष्ट फार वेगळी सांगितली गेली आहे. आपल्या पडद्यावर घर मिळतच नसे. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० चा, त्यावरून बासू चटर्जींनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ केला. दोन्हींत नवविवाहित जोडप्याला दाटीवाटीच्या बिऱ्हाडात दोन घटका एकांत मिळत नाही. १९७७ च्या ‘घरोंदा’त अमोल पालेकर आणि झरीना वहाब पै-पै साठवतात आणि बांधकामवाला पैसे घेऊन पळतो. तिथे ‘तीनपैकी कोणतं’ हा प्रश्नच नाही. एक तरी मिळेल का, हा प्रश्न. ऑगस्ट २०२३ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने ४,०८२ घरांची सोडत काढली, अर्ज होते सुमारे १ लाख २० हजार. सोडत ऑनलाइन दाखवली जाते आणि लोक आपला अर्ज क्रमांक हातात धरून पाहतात. तुमच्या-आमच्याकडचा घरखरेदीचा सर्वांत थरारक कार्यक्रम तोच. त्यात निवेदक नाही, सजावट नाही, पडद्यावर नुसती नावं सरकत असतात.

आता दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाकडे येतो. घरांचे कार्यक्रम जी गोष्ट कापून टाकतात, ती या गावात जितकी उघडी दिसते तितकी क्वचित कुठे दिसेल.

आमली, पिपरिया, मसाट, रखोली, नरोली. नकाशावर ही नावं शोधली की कारखाने दिसतात. करसवलतींमुळे या केंद्रशासित प्रदेशात प्लास्टिकचे आणि कृत्रिम धाग्याचे उद्योग आले आणि त्यांच्यामागे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात आणि आपल्या महाराष्ट्रातूनही माणसं आली. २००१ मध्ये दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती, २०११ मध्ये ३,४३,७०९. दहा वर्षांत दीडपटीहून जास्त. त्याच जनगणनेतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. दर १,००० पुरुषांमागे इथे ७७४ स्त्रिया. हा आकडा म्हणजे घरांचीच गोष्ट आहे. कमावता पुरुष इथे चाळीतल्या भाड्याच्या खोलीत आणि ज्याला तो ‘घर’ म्हणतो ते शेकडो किलोमीटरवर.

अशा माणसाला टोकरखाड्याकडे किंवा समरवरणीला वन बीएचके घ्यायचा तर तो फक्त फ्लॅट निवडत नसतो. बायकापोरांना आणायचं का, गावाकडच्या घराची डागडुजी थांबवायची का, म्हातारपण कुठे काढायचं, मुलगी मराठी शाळेत जाईल की गुजराती की इंग्रजी, असे सगळे प्रश्न त्या एका सहीत असतात. खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं हा निर्णय पंधरा-वीस वर्षं पुढे ढकलतात. टीव्हीवर तोच निर्णय बावीस मिनिटांत लागतो, जाहिराती धरून अर्ध्या तासात. मला वाटतं, या कार्यक्रमांची खरी जादू इथे आहे. घर घेण्यातला सगळा काळ ते काढून टाकतात. बँकेच्या फेऱ्या, सासऱ्यांकडून घेतलेले उसने पैसे, मुद्रांक शुल्क, पावसात गळलेली गच्ची, यातलं काही नाही. उरतो फक्त निवडीचा क्षण. खऱ्या आयुष्यात तो क्षण कधी येऊन गेला ते कळतही नाही.

आणि काळाबरोबर ते कागदही काढून टाकतात. ‘टायटल क्लिअर आहे ना?’ हे वाक्य तुम्ही त्या कार्यक्रमांत कधी ऐकलंय? आपल्याकडे तर चहा यायच्या आधी तेच विचारतात. जमिनीचा मालक कोण, या प्रश्नात किती नाट्य असू शकतं ते बघायचं असेल तर सिल्वासा ज्या जमिनीवर उभं आहे तिच्याच कागदांची गोष्ट ऐका.

१७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं ‘सांताना’ नावाचं जहाज पकडलं. पुढे १७७९ मध्ये पेशव्यांशी पोर्तुगीजांचा तह झाला. त्यात वर्षाला बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख पोर्तुगीजांना देण्याचं ठरलं आणि १७८३ मध्ये नगर हवेलीतली गावं त्यांच्याकडे गेली. दादरा त्यानंतर दोन वर्षांनी. जहाजाच्या नुकसानभरपाईत एक परगणा! पण प्रश्न असा की नेमकं दिलं काय? वसूल खायचा हक्क, की जमिनीची मालकी? घरमालकाने भाडं वसूल करायला सांगितलं म्हणून वसूल करणारा मालक होतो का? तेव्हा हे कुणी विचारलं नाही. पोर्तुगीज राहिले, कारभार करू लागले, १८८५ मध्ये मुख्य ठाणं सिल्वासाला आणलं.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा, नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त केलं. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजा वाकणकर होते. लढ्यासाठी पैसे उभे करायला पुण्यात हिराबागेवर लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. (गीतरामायणाला चाली लावणारे फडके त्याआधी काही महिनेच सिल्वासाच्या मोहिमेत होते, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.) पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. दमणहून आमच्या मुलखात जायला वाट द्या, ही मागणी. आणि तिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे मराठी कागद निघाले. तहाचा मजकूर, सनदा, सरंजाम म्हणजे काय, ‘कायम’ म्हणजे कितपत कायम, यावर जगभरचे न्यायमूर्ती विचार करू लागले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पण पुढे इंग्रज आले आणि त्यांनी पोर्तुगीजांना तिथले सत्ताधारी मानलं, म्हणून ते तसे ठरले. नागरिकांना आणि मालाला ये-जा करण्याचा हक्क आहे, फौजेला आणि शस्त्रांना नाही, आणि भारताने काही गैर केलेलं नाही.

वसुलीच्या हक्काने आत आलेला, आणि शेजाऱ्याने मान्य केलं म्हणून मालक झालेला. मुंबईच्या कुठल्याही जुन्या चाळीतल्या खटल्यात हे वाक्य जसंच्या तसं बसेल. इथे मात्र ते दोन देशांमध्ये घडलं. शिवाय १९५४ ते १९६१ हा मुलूख पोर्तुगीजांचा उरला नव्हता आणि रीतसर भारताचाही झाला नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजी विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कुणीतरी बरोबरीच्या पदावरचा माणूस हवा, म्हणून प्रशासक के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं आणि त्यांनी नेहरूंबरोबर सही केली. खरेदीखतावर सही करण्यासाठी एका दिवसाचा पंतप्रधान! असा भाग कुठल्या वाहिनीवर लागला तर मी झोपणार नाही.

जमिनीचे कागद त्यानंतरही शांत बसले नाहीत. पोर्तुगीज काळात ‘अल्वारा’ नावाचे पट्टे दिले जात. ठरलेल्या मुदतीत जमीन लागवडीखाली आणायची, या अटीवर. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमनाने ती पद्धत संपवली आणि अटी पाळल्या होत्या की नव्हत्या यावरचे खटले थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

या सगळ्या व्यवहारात एका घराला मात्र कधी किंमत लागलीच नाही. २०११ मध्ये या प्रदेशातले निम्म्याहून जास्त लोक आदिवासी होते. वारली, कोकणा, धोडिया. वारल्यांचं कुडाचं घर कारवीच्या काठ्यांवर शेण-माती लिंपून उभं राहतं, शेजारपाजारचे हात लागतात. लग्न असलं की सवासिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवी येते. तेच चित्र कागदावर आणि कॅनव्हासवर उतरलं की जगभर विकलं जातं. ती भिंत कुणी विकायला काढत नाही. टूसॉनच्या दलालांना त्या घरात नेलं असतं तर त्यांच्या दहा पानांत लिहायला आकडाच सापडला नसता.

अलीकडे वापी-सिल्वासा पट्ट्यात टीव्हीची जागा रीलने घेतली आहे. दलालच मोबाइल घेऊन दारातून आत चालत येतो, ‘आइए, आपको दिखाते हैं’ म्हणतो आणि चाळीस सेकंदांत गॅलरीत पोचतो. यात भिंगाची एक करामत आहे, ती माहीत असावी. रुंद कोनाचं भिंग जवळच्या वस्तू मोठ्या आणि दूरची भिंत आणखी दूर दाखवतं. म्हणून दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी भासते. पलंग मांडलेला असेल तर पलंगाकडे बघा. तो विचित्र लांब दिसत असेल तर खोलीही तितकीच ताणलेली आहे.

आणि आता एक गोष्ट जी सिल्वासात राहणाऱ्यांतही थोड्यांनाच ठाऊक असते. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची वगळून आतली वापरायची जागा, आतल्या पडदी भिंती धरून. ‘सुपर बिल्टअप’च्या फुगवलेल्या आकड्यावर त्यामुळे चाप बसला. या कायद्याखाली दादरा-नगर हवेलीच्या गृहप्रकल्पांची नोंदणी होते ती मुंबईच्या महारेराकडे. महाराष्ट्राचंच प्राधिकरण या केंद्रशासित प्रदेशाचंही काम पाहतं, जसं मुंबई उच्च न्यायालय इथलंही उच्च न्यायालय आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नकाशा, प्रत्येक सदनिकेचं चटई क्षेत्र, ताबा देण्याची तारीख आणि जमिनीच्या मालकीबद्दलचा वकिलाचा दाखला कुणालाही पाहता येतो, पैसे न भरता.

तेव्हा पुढच्या वेळी तीन घरांचा खेळ खेळावासा वाटला तर तिथे खेळून बघा. सिल्वासातले तीन प्रकल्प निवडा, जाहिरातीतलं क्षेत्रफळ आणि नोंदवलेलं चटई क्षेत्र शेजारी शेजारी लिहा, मालकीचा दाखला वाचा आणि मगच मागणीच्या आकड्याकडे नजर टाका. आकडा शेवटी बघायचा, एवढा एकच नियम पाळा.